एका पाषाणगृहाची वाटणी : बर्ली-ऑन-द-हिल

इंग्लंडच्या पूर्वमध्य भागात रटलंड नावाचा एक लहानसा परगणा आहे. त्यातील ओकम या गावाच्या ईशान्येस सुमारे दोन मैलांवर, टेकडीच्या माथ्यावर, बर्ली-ऑन-द-हिल हे भव्य पाषाणगृह उभे आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस एका उमरावाने ते स्वतःच्या कुटुंबासाठी बांधले. १९९३ ते १९९८ या काळात त्याच्या मुख्य इमारतीची वाटणी होऊन तीत सहा स्वतंत्र घरे झाली. भोवतालच्या पागा व इतर दुय्यम इमारतींतून आणखी वीसाहून अधिक कुटुंबांची सोय झाली. तथापि दक्षिणेकडील उतारावरून या वास्तूकडे पाहणाऱ्यास ही वाटणी दिसत नाही. त्याला दिसते ते एकच घर, एकाच धन्याचे. एकासाठी रचलेली वास्तू अनेकांना देताना तिचे वास्तुत्व टिकते कसे आणि त्यातले किती टिकते, हा प्रश्न केवळ इंग्लंडमधील जमीनदारांच्या जिव्हाळ्याचा नव्हे. जुनी मोठी घरे ज्या ज्या समाजात आहेत, त्या प्रत्येकापुढे तो केव्हा ना केव्हा उभा राहतोच.

प्रथम नावाविषयी. 'बर्ली' हे नाव प्राचीन इंग्रजीतील 'बुर्ह' म्हणजे तटबंदीचे ठिकाण आणि 'लेआ' म्हणजे रानातील मोकळी जागा या दोन शब्दांपासून बनले आहे. येथून फार दूर नसलेल्या स्टॅमफर्ड गावाजवळ 'बर्ली हाऊस' नावाचा एलिझाबेथकालीन विख्यात प्रासाद आहे. त्याचे इंग्रजी वर्णलेखन वेगळे असले तरी व्युत्पत्ती हीच आहे, आणि उच्चार तर इतका सारखा की देवनागरीत लिहिताना दोहोंत भेद राहत नाही. 'टेकडीवरील' हे विशेषण रटलंडच्या घराला जोडावे लागले ते या घोटाळ्यामुळेच, असे म्हणावयास हरकत नाही.

या टेकडीवर पूर्वी दुसरे घर होते. पहिल्या जेम्स राजाचा मर्जीतला सरदार जॉर्ज व्हिलिअर्स, बकिंगमचा ड्यूक, याचे ते घर. १६२१ साली राजा तेथे पाहुणा म्हणून आला असता बेन जॉन्सनने रचलेला जिप्सींचा एक सोंगनाट्यप्रयोग त्याच्यापुढे झाला. पुढे यादवी युद्धात पार्लमेंटच्या सैन्याने तेथे ठाणे दिले आणि ठाणे सोडताना घर जाळले. अर्धशतकानंतर ही जागीर डॅनिएल फिंच या नॉटिंगमच्या अर्लने विकत घेतली. तिसऱ्या विल्यम राजाचा हा एक मंत्री. लंडनजवळचे आपले केन्सिंग्टनचे घर त्याने १६८९ मध्ये राजालाच विकले होते, आणि तेच पुढे केन्सिंग्टन राजवाडा म्हणून प्रसिद्धीस आले. १६९३ मध्ये त्याला मंत्रिपद गमवावे लागले. कुटुंब मोठे, हातात वेळ आणि डोक्यावर छप्पर मात्र मनाजोगते नाही, अशा स्थितीत त्याने १६९४ मध्ये बर्लीचे काम हाती घेतले.

या बांधकामाची विशेष गोष्ट अशी की, त्याला आजच्या अर्थाने वास्तुशिल्पी म्हणावा असा कोणी नव्हता. हेन्री डॉर्मर हा प्रथम देखरेखीस होता. १६९७ पासून त्याच्या जागी नॉर्दम्प्टनचा जॉन लमली आला. सर क्रिस्टोफर रेन याच्यासारख्या जाणत्याचा सल्लाही प्रसंगी घेतला गेला. परंतु आराखड्याचा खरा कर्ता अर्ल स्वतःच होता. लंडनमधील मोठ्या घरांची मापे मिळवावयाची, ती आपल्या टेकडीवर बसतात काय हे पाहावयाचे आणि गवंड्यांशी दरांची घासाघीस करावयाची, असा त्याचा क्रम होता. अशा घरात कल्पनेची झेप कमी आणि व्यवहाराची शिस्त अधिक असावयाची. बर्लीची मुख्य इमारत तशीच आहे : एक लांबट, समतोल, काहीसा गंभीर ठोकळा, खाली तळघराचा मजला, वर दोन मुख्य मजले, छपरालगत माळा, मध्यभागी त्रिकोणी शिखर आणि दोन्ही अंगांस सारख्या ओळीतल्या उंच खिडक्या. या शिस्तीला अपवाद एवढाच, की उत्तरेकडील प्रचंड प्रांगणाला दोन्ही बाजूंनी वर्तुळखंडाकार स्तंभावलींनी कवेत घेतले आहे. या स्तंभावली मुख्य घराला दुय्यम इमारतींशी जोडतात. पिकॅडिलीतील बर्कली हाऊस या घरात असा प्रयोग १६६० नंतरच्या दशकात झालेला होता. पण बर्लीच्या प्रांगणाचा विस्तार पाहता रोममधील सेंट पीटरच्या चौकाची आठवण होते. वाटणीच्या वेळी या प्रांगणाने मोठेच काम केले. अनेक कुटुंबांची वाहने, ये-जा आणि दारे सामावूनही ते रिकामे भासावे, इतकी त्याची मापे उदार आहेत.

हे घर वाटणीस आले कसे, हे समजण्यासाठी थोडा मागोवा घ्यावा लागतो. इंग्लंडमधील ग्रामीण प्रासादांचा आधार त्यांच्याभोवतीची शेतजमीन हा होता. १८७० नंतर धान्याचे भाव कोसळले आणि खंडाचे उत्पन्न आटले. १८९४ मध्ये मृत्यूनंतरच्या मिळकतीवर नवा कर बसला. पहिल्या महायुद्धाने कित्येक घराण्यांतले एकामागून एक वारस नेले, म्हणजे तोच कर पुनःपुन्हा भरणे आले. नोकरवर्ग कारखान्यांकडे व कचेऱ्यांकडे वळला. दुसऱ्या महायुद्धात घरे लष्कराच्या ताब्यात गेली व परत मिळाली ती मोडकळीस येऊन. १९४७ च्या नगररचना कायद्याने ऐतिहासिक इमारतींच्या याद्या करण्याची सोय केली खरी. परंतु यादीतील घर पाडावयाचे असल्यास मालकाने दोन महिन्यांची नोटीस द्यावी, एवढेच बंधन आरंभी होते. पाडण्यापूर्वी परवानगीच घेतली पाहिजे हा नियम १९६८ च्या कायद्याने आला. मधल्या वीस वर्षांत, विशेषतः १९५५ च्या आगेमागे, घरे धडाधड पडली. १९७४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयात या विध्वंसाचे प्रदर्शन भरले, तेव्हा त्यात हजाराहून अधिक नष्ट घरांची गणना होती. ढासळत्या खांबांचा देखावा उभारलेल्या एका दालनात त्या घरांची नावे एकामागून एक उच्चारली जात, आणि लोक ती ऐकत उभे राहत. पुढच्याच वर्षी 'सेव्ह ब्रिटन्स हेरिटेज' ही संस्था स्थापन झाली.

जी घरे पडली नाहीत त्यांच्यातून शाळा, रुग्णालये, कचेऱ्या, हॉटेले निघाली. घर वाचले म्हणून समाधान मानावे तर या उपयोगांचा उपद्रवही थोडा नसे. शाळेला वसतिगृह लागते, रुग्णालयाला लांब वॉर्ड लागतो, हॉटेलला प्रत्येक खोलीस न्हाणीघर लागते आणि मागच्या अंगणात नवी इमारत तर सर्वांनाच लागते. बर्लीवरही अशीच वेळ आली होती. १९०८ च्या ऑगस्टमध्ये, तरुण विन्स्टन चर्चिल तेथे पाहुणा असताना, आगीत घराचा एक भाग जळाला. तो सावरला गेला. पण विसाव्या शतकाच्या अखेरीस फिंच घराण्याच्या वारसांकडून ते सुटले आणि १९९० च्या सुमारास हॉटेल काढण्याच्या हेतूने एका उद्योगपतीकडे गेले. त्याचा व्यवसाय १९९० मध्ये कोसळला आणि घर धनकोंच्या हाती पडले. तेथून ते १९९३ मध्ये किट मार्टिन याने घेतले.

मार्टिन हा वास्तुशिल्पाचे शिक्षण घेतलेला, परंतु स्वतः पैसा घालून घरे विकत घेणारा व विकणारा गृहस्थ. रॉयल फेस्टिव्हल हॉलचा एक शिल्पकार सर लेस्ली मार्टिन याचा तो पुत्र. नॉर्दम्प्टनशरमधील डिंग्ली हॉल हे छप्पर गेलेले, पाडावयास टेकलेले पाषाणगृह त्याने १९७० नंतरच्या दशकात वाटणी करून वाचविले. पुढे नॉरफकमधील गंटन, स्कॉटलंडमधील कलन, नॉर्दम्बरलंडमधील कॅलली असा क्रम चालला. त्याची भूमिका साधी होती : जे घर म्हणून बांधले, त्याला घर म्हणूनच राहू द्यावे, धनी मात्र एकाऐवजी अनेक असावेत. भूमिका साधी असली तरी तिचा अंमल बारीक कारागिरीचा आहे, आणि त्याची गुरुकिल्ली घराच्या मूळ रचनेतच दडलेली असते.

येथे एका शब्दाचा विचार करणे अगत्याचे आहे. आज 'अपार्टमेंट' म्हटले की इमारतीतील एक गाळा डोळ्यांपुढे येतो. परंतु सतराव्या शतकात इटालियनमधून फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत आलेल्या या शब्दाचा अर्थ निराळा होता. 'बाजूला करणे, वेगळे ठेवणे' या अर्थाच्या इटालियन धातूपासून तो साधला असून, मोठ्या घरात एका व्यक्तीसाठी राखलेली खोल्यांची मालिका असा त्याचा मूळचा अर्थ होय. प्रथम बाहेरचे दालन, मग बैठकीची खोली, मग शयनगृह, आणि शेवटी अगदी खाजगी अशी एक लहान खोली, असा त्या मालिकेचा क्रम. सर्व दारे एका रेषेत, दोऱ्यात मणी ओवावे तशी. पाहुणा जितका मानाचा तितका तो आत जाई. कोणास पहिल्याच दालनात थांबावे लागे, कोणी शयनगृहापर्यंत पोहोचे. यजमानाची एक मालिका, त्याच्या पत्नीची दुसरी, राजा आलाच तर त्याच्यासाठी तिसरी. म्हणजे घर एक, पण त्याच्या पोटात तीनचार घरे, हे त्या काळच्या रचनेचे तत्त्वच होते. सतराव्या शतकातल्या उमरावाच्या घराची वाटणी करणे म्हणजे त्याच्यावर काही परके लादणे नव्हे. त्या शब्दाचा आणि त्या रचनेचा जुना अर्थ पुन्हा उकलून घेणे होय.

'फ्लॅट' या शब्दाची गोष्ट याच्या उलट आहे. त्याचा उगम प्राचीन इंग्रजीतील 'फ्लेट' म्हणजे जमीन, मजला, या शब्दात आहे आणि गाळा हा त्याचा आजचा अर्थ स्कॉटलंडमधून आला, जेथे एकेका मजल्यावर एकेक कुटुंब राहण्याची रीत जुनी होती. एक शब्द खोल्यांच्या मालिकेतून निघालेला, दुसरा मजल्यातून. व्यवहारात दोन्ही आज समानार्थी झाले असले, तरी घराची वाटणी उभी करावी की आडवी, हा वास्तुशास्त्रातला वाद जणू या दोन शब्दांतच साठवलेला आहे. मराठीतील 'बिऱ्हाड' हा शब्द तर या दोहोंपेक्षा वेगळा : तो जागेपेक्षा माणसांचा व त्यांच्या सामानसुमानाचा वाचक आहे, आणि म्हणूनच वाड्यात बिऱ्हाडे 'येतात' व 'जातात', भिंती मात्र सहसा हलत नाहीत.

आडवी वाटणी म्हणजे मजल्यागणिक कुटुंब. ती स्वस्त पडते, कारण जिना एकच पुरतो. परंतु जुन्या पाषाणगृहात तिच्यासारखी घातक दुसरी गोष्ट नाही. मुख्य मजल्यावरील दालने अठरा-वीस फूट उंचीची असू शकतात. तेथे राहणाऱ्यास वैभव मिळते, पण मुदपाकखाना आणि न्हाणीघर कोठे करावे हे सुचत नाही, म्हणून दालनाच्याच पोटात फळ्यांची भिंत उभी राहते आणि छताच्या गिलाव्यातील नक्षी अर्धी इकडे, अर्धी तिकडे जाते. माळ्यावर राहणाऱ्यास नोकरांच्या ठेंगण्या खोल्या मिळतात, तळघरातल्यास ओल. शिवाय लाकडी तुळयांवरील तक्तपोशीतून वरच्या घरातील प्रत्येक पाऊल खाली ऐकू येते. आवाज व आग या दोहोंना अडविण्यासाठी खालचे छत उचकटावे लागते, आणि नेमके ते छतच जतन करावयाचे असते.

उभ्या वाटणीत प्रत्येकास तळघरापासून माळ्यापर्यंत घराचा एक उभा तुकडा मिळतो : तळमजल्यावर स्वयंपाक, मुख्य मजल्यावर एखादे मोठे दालन अखंड, वर निजावयाच्या खोल्या. वाटणीची रेषा धरावयाची ती पायापासून छपरापर्यंत गेलेल्या जाड आडभिंतींच्या आधाराने. अशा भिंती या काळच्या घरांत भरपूर असतात, कारण धुराडी त्यांच्यातूनच वर जातात. दोन घरांच्या मध्ये दोनतीन फूट जाडीची भिंत आली की आवाजाचा प्रश्न उरत नाही व आगीचाही पुष्कळसा सुटतो. भिंतीतील जुने दार बुजवावे लागते खरे, पण ते असे की दोन्ही अंगांस चौकट व झडपा जागच्या जागी राहाव्यात आणि मधल्या पोकळीत विटा भराव्यात. पुढे कोणास दोन घरे एक करावीशी वाटलीच, तर विटा काढल्या की दार पूर्ववत्. जिन्यांचा प्रश्नही सुटण्याजोगा असतो, कारण या घरांत मालकाचा एक भव्य जिना आणि नोकरांचे अनेक अरुंद जिने असतात. नोकर धन्याच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून जे चोरजिने भिंतींच्या पोटात बांधले, तेच तीनशे वर्षांनी स्वतंत्र घरांचे स्वतंत्र जिने झाले. सामाजिक विषमतेसाठी केलेली सोय अशा रीतीने समान हिस्से पाडण्याच्या कामी यावी, यात विनोद आहे.

बर्लीत या पद्धतीची कसोटी लागली ती चित्रांकित जिन्यापाशी. मुख्य जिना आणि वरचे मोठे दालन यांच्या भिंती व छत जेरार्ड लान्सक्रून या फ्लेमिश चित्रकाराने अठराव्या शतकाच्या आरंभी रंगविले. हा व्हेरिओच्या हाताखाली तयार झालेला कलावंत. अशी जागा विभागता येत नाही व सर्वांनी वापरावी तर तिची झीज होते. म्हणून या पंथाचा नियम असा, की अशी दालने संपूर्णपणे एकाच घराच्या वाट्याला द्यावीत, मग ते घर इतरांहून कितीही मोठे होवो. समान वाटणीचा मोह आवरणे हे येथे वास्तुप्रेमाचे लक्षण ठरते. घराचे हिस्से लहानमोठे असले म्हणून बिघडत नाही. दालन अर्धे झाले की ते कायमचे गेले.

आता दगड. रटलंड व त्याच्या आसपासची भूमी चुनखडीच्या दगडासाठी प्रसिद्ध आहे. क्लिप्शॅम व केटन या खाणी याच परगण्यातल्या. केटनचा दगड केंब्रिजमधील ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयाला लागला आहे, तर क्लिप्शॅमचा दगड लंडनच्या पार्लमेंटगृहाच्या विसाव्या शतकातील दुरुस्तीला. हा दगड भिंगातून पाहिला तर माशाच्या गाभोळीसारखे बारीक गोल कण एकमेकांस चिकटलेले दिसतात. म्हणून भूगर्भशास्त्रज्ञांनी ग्रीक भाषेतील 'अंडे' व 'दगड' या शब्दांपासून 'ऊलाइट' हे नाव त्याला दिले. खाणीतून निघताना तो ओला व मऊ असतो, तेव्हाच घडावा. उघड्यावर त्याचा पृष्ठभाग कठीण होतो. भिंतीत बसविताना खाणीतील थर जसे आडवे होते तसेच आडवे ठेवावे लागतात, नाहीतर पाणी व थंडी यांच्या माऱ्याने त्याचे पापुद्रे सुटतात. सांध्यांतला चुना दगडाहून मऊ असला पाहिजे, म्हणजे ओल सांध्यातून बाहेर पडते. विसाव्या शतकात कित्येक ठिकाणी उत्साहाच्या भरात सांध्यांत सिमेंट भरले गेले. ओल सांध्यातून निघेना, ती चिऱ्यातून निघू लागली आणि चिरेच झडले. वाटणी झालेल्या घरात हा धोका वाढतो. दर्शनी भिंत एक, मालक सहा. एकाने आपल्यापुरती दुरुस्ती चुन्याने केली व शेजाऱ्याने सिमेंटने, तर दहा हिवाळ्यांत वाटणीची रेषा दगडावर उमटल्यावाचून राहावयाची नाही.

छपराची गोष्ट तर याहून नाजूक. कठड्यामागे लपलेल्या शिशाच्या पन्हळी सबंध इमारतीचे पाणी एकत्र वाहून नेतात. पाण्याला वाटणी ठाऊक नसते. एका घराच्या डोक्यावरील पन्हळीत पारव्यांची घरटी साचली की पाणी तिसऱ्याच्या भिंतीत उतरते, तुळयांची भिंतीत रुतलेली टोके भिजतात आणि तेथे ती कुप्रसिद्ध बुरशी धरते, जिचे लॅटिन नाव 'रडणारी' या अर्थाचे आहे. तिच्या अंगावर पाण्याचे थेंब जमतात म्हणून. ती विटांच्या भिंती ओलांडून कोरड्या लाकडापर्यंत पोहोचते. म्हणून अशा वास्तूत छप्पर, पन्हळी, बाह्य भिंती, प्रांगण व बागा यांची देखभाल सामाईक ठेवल्यावाचून गत्यंतर नाही.

मात्र येथे इंग्लंडचा कायदा आडवा येतो. पूर्ण मालकीची जमीन विकताना 'अमुक करू नये' असे बंधन पुढच्या मालकांवरही चालते. पण 'अमुक करावे, खर्च द्यावा' असे बंधन आपोआप चालत नाही, हा एकोणिसाव्या शतकापासूनचा सिद्धान्त आहे. गाळे साधारणतः दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने विकले जातात ते यासाठीच : पट्टेदाराकडून वर्षाचा खर्च वसूल करता येतो. रहिवाशांचीच एक कंपनी काढून सामाईक भाग तिच्या नावे ठेवण्याचा मार्गही सर्रास वापरला जातो. २००२ साली सामाईक मालकीचा नवा प्रकार कायद्याने निर्माण केला, पण त्याचा प्रसार फारच थोडा झाला. घर टिकविण्याच्या कामी गवंड्याइतकाच वकिलाचा वाटा असतो, हे वास्तुवर्णनाच्या पुस्तकांत सहसा लिहिलेले नसते. करांचेही तसेच. २०१२ च्या ऑक्टोबरपर्यंत यादीतील घरांत परवानगीने केलेल्या फेरबदलांना विक्रीकर शून्य दराने लागे. तेव्हापासून तो वीस टक्के झाला, आणि या कामांचे गणित सर्वत्र अवघड झाले.

या पद्धतीवरचे आक्षेप दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. वर सांगितलेली ओळीतील दारांची रचना वाटणीनंतर ठिकठिकाणी तुटते. एका टोकाला उभे राहून घराच्या दुसऱ्या टोकाच्या खिडकीतला उजेड पाहावा, हा त्या वास्तूचा एक मोठा आनंद होता. तो आता कोणत्याच धन्याला मिळत नाही. सामान तर आधीच लिलावात विखुरलेले असते. शिवाय अशी घरे खाजगी होत असल्याने अभ्यासकाला व सामान्य प्रवाशाला चित्रांकित जिना सहजासहजी पाहावयास मिळत नाही. नॅशनल ट्रस्टच्या ताब्यातील घर निदान तिकीट काढून पाहता येते. परंतु ट्रस्ट घर स्वीकारतो ते देखभालीचा निधी सोबत असेल तरच, आणि बर्लीसारख्या धनकोंच्या हाती गेलेल्या घराजवळ असा निधी असावयाचा कोठून? हॉटेल, वाटणी आणि रिकामेपण या तीन गोष्टींतून निवड करावयाची होती. पहिल्या पर्यायात न्हाणीघरांनी दालने खाल्ली असती आणि तिसऱ्यात बुरशीने तुळया.

हंफ्री रेप्टन या प्रख्यात उद्यानकाराने १७९५ मध्ये बर्लीसाठी आपले एक लाल पुठ्ठ्याचे सूचनापुस्तक तयार केले होते. त्याचा भर होता घराच्या दक्षिणेकडील सपाट गच्चीवजा बागेवर व तेथून दिसणाऱ्या खोऱ्यावर. त्या खोऱ्याचा काही भाग १९७० नंतरच्या दशकात रटलंड वॉटर या कृत्रिम तलावाखाली गेला. त्या बाजूने पाहता घरासमोर कुंपणे नाहीत, कपडे वाळविण्याच्या दोऱ्या नाहीत, सहा रंगांची सहा दारे नाहीत. स्वतःच्या मालकीच्या बागेत स्वतःचे कुंपण न घालण्याचे कबूल करूनच अशा ठिकाणी लोक घर घेतात, आणि दर वर्षी पन्हळी साफ करण्याचा आपला हिस्सा भरतात.